आधारची झेरॉक्स, चवथीचा स्टेटस आणि कॅफेचं वायफाय
पेडणे-डिचोलीकरांसाठी: काय करावे, काय टाळावे

हॅकर म्हटलं की काळोख्या खोलीत बसलेला कुणी हुशार पोरगा डोळ्यांपुढे येतो. त्याला जरा बाजूला ठेवू. आपल्याकडे माणसाची माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा त्याच्याच हातून. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं आधार, दुचाकी भाड्याने घेताना दिलेला लायसनचा फोटो, फेसबुकवर टाकलेला मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो. कुणी हिसकावून घेत नाही, आपणच देतो आणि विसरून जातो.

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. पेडण्यात खोल्या, टॅक्सी, भाड्याच्या गाड्या आणि जमिनी यांचे व्यवहार त्यानंतर फोनवर आणखी वाढले. डिचोलीत २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि घरातली तरणी पोरं बायोडेटा घेऊन नोकरी शोधत फिरू लागली. एका तालुक्यात पाहुण्यांचे कागद गोळा होतात, दुसऱ्यातून उमेदवारांचे कागद बाहेर जातात. खालची यादी या दोन्ही तालुक्यांना डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

ब्राउझर उघडताना

करा

• वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या जोडरेघा सोडल्या की पुढे जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच अलीकडचे दोन-तीन तुकडे म्हणजे खरा मालक. ‘गोवाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन’ हे सरकारचं. ‘गोवाऑनलाइन-गव्ह-इन डॉट कॉम’ असलं काही दिसलं तर ते कुणीही चार पैसे टाकून विकत घेतलेलं नाव असू शकतं. ‘गव्ह’ हा शब्द मध्ये कुठे तरी येऊन उपयोग नाही, ‘डॉट गव्ह डॉट इन’ शेवटी यायला हवं.

• बँकेच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे ना, ते बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे नाव बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. तेव्हा बँकेची म्हणून आलेली लिंक दुसऱ्याच शेपटाची असेल तर ती उघडण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत सामान्य माणसाच्या उपयोगाचा इतका सोपा नियम दुसरा झालेला नाही, आणि त्याची म्हणावी तशी जाहिरातही झालेली नाही.

• बँक, वीजबिल, रेल्वे तिकीट असे नेहमी लागणारे पत्ते एकदाच नीट टाइप करून बुकमार्क करून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच जा.

• ब्राउझर आणि फोन अपडेट ठेवा. ज्या जुन्या फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय, तो गाणी आणि भजनं ऐकायला ठेवा, बँकेचं अ‍ॅप त्यावर नको.

• ब्राउझरमधली एक्स्टेन्शन वर्षातून एकदा तरी चाळा. कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवून घेणारं असं काहीबाही कधी तरी बसवलेलं असतं. तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचण्याची परवानगी त्यातल्या बऱ्याच जणांकडे असते.

टाळा

• कुलपाची खूण दिसली म्हणजे साइट खरी, हा समज. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. भामट्यांच्या साइटींवरही कुलूप असतंच. म्हणून तर गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ती खूण काढून टाकली.

• कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं. वर येणारा पहिला नंबर पुष्कळदा पैसे भरून वर आणलेला असतो. कार्डाच्या पाठीमागे, बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये छापलेला नंबर लावा. वीज खात्यासाठी १९१२ आहे. ‘आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर फोन करा’ असा मेसेज खासगी मोबाइलवरून आला तर तो वीज खात्याचा नाही.

• इन्कॉग्निटोवर भिस्त. त्याने घरच्यांना तुमची हिस्टरी दिसत नाही, बस्स. इंटरनेट देणारी कंपनी, कॅफेचं वायफाय, ती वेबसाइट, सगळ्यांना तुम्ही दिसताच. याच प्रश्नावर अमेरिकेतल्या खटल्यात गुगलने २०२४ मध्ये तडजोड केली आणि साठवलेला डेटा पुसायचं मान्य केलं.

• फुकट व्हीपीएन. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, ते तुमच्याकडून घेत नसेल तर तुमच्या माहितीतून काढणार. आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे ‘कुणाला काहीच कळत नाही’ ही जाहिरात पूर्ण खरी नाही.

• ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ या प्रश्नाला सवयीने हो म्हणणं. मग ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ अशा भुतावळी तिथूनच सुरू होतात.

कॅफेचं वायफाय

हरमलच्या कॅफेत वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असतो आणि मोसम संपला तरी बदलत नाही. लोक त्याला फार भितात. माझ्या मते जरा जास्तच. आज बहुतेक साइटी आणि बँकांची अ‍ॅपं संदेश सांकेतिक करूनच पाठवतात, बाजूच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा पासवर्ड सहजी वाचता येत नाही. वायफायला घाबरणारा तोच माणूस अनोळखी एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, बिनधास्त बसवतो, ते जास्त घातक. तरी चार गोष्टी पाळा.

• करा: बँकेचं काम मोबाइल डेटावर. फोनचं आपोआप वायफायला जोडलं जाणं बंद. काम झालं की ते नेटवर्क ‘फर्गेट’.

• टाळा: वायफाय मिळवण्यासाठी फेसबुक किंवा जीमेलचा पासवर्ड मागणारं पान. ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा ब्राउझरचा इशारा आल्यावर ‘तरीही पुढे’ दाबणं.

• कॅफे किंवा होम-स्टे तुमचाच असेल तर राउटरचा कंपनीने दिलेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड आधी बदला. गिऱ्हाइकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा. बिलाचा संगणक आणि सीसीटीव्ही त्याच जाळ्यावर नको. कॅमेरा बसवणारा जो पासवर्ड ठेवून गेला तोच आजवर चालू असेल, तर अंगणात कोण येतं-जातं ते तुमच्याआधी दुसराच कुणी तरी बघत असण्याची शक्यता आहे.

फेसबुक, इन्स्टा, स्टेटस

करा

• फेसबुकची फ्रेंड लिस्ट ‘ओन्ली मी’ करा. एवढी एक गोष्ट केली तरी पुष्कळ. तुमचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं काढायचं, तुमच्याच मित्रांना रिक्वेस्ट पाठवायची आणि दोन दिवसांनी ‘माझ्या ओळखीच्या सीआरपीएफ अधिकाऱ्याची बदली झाली, फर्निचर स्वस्तात जातंय’ असा मेसेज टाकायचा, हा धंदा देशभर चालतो. मित्र कोण तेच कळलं नाही तर तो मेसेज पाठवणार कुणाला?

• जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि ईमेल प्रोफाइलवरून लपवा. एप्रिल २०२१ मध्ये जगभरच्या ५३ कोटींहून अधिक फेसबुक खात्यांचे नंबर आणि तपशील उघड्यावर आले, त्यांत भारतीय खाती सुमारे ६० लाख. तुमचा नंबर त्यात असेलही. नंबर बदलणं जमत नाही, पण त्याला चिकटलेली बाकीची माहिती तरी कमी करता येते.

• दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, पासकी त्याहून बरी.

• पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत जोडा. आडनाव, गावाचं नाव, ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे १२३ हे गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. मेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांहून वेगळाच हवा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका मेलवरच येतात.

• ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हणत कुठल्या कुठल्या अ‍ॅपला दार उघडून दिलंय, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि नको ती काढा.

टाळा

• ‘गावाक, चवथीक’ हा स्टेटस जायच्या आधी. पर्वरी-पणजीचा फ्लॅट बंद करून पाच-सात दिवस मूळ घरी जाणारी कुटुंबं दोन्ही तालुक्यांत घरटी सापडतील. माटोळीचा फोटो जरूर टाका, पण परत आल्यावर. टाकायचाच असेल तर बघणाऱ्यांच्या यादीत फक्त घरचे ठेवा. गावातल्या मंदिरातल्या उत्सवाचं लाइव्ह करतानाही हेच. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतून तासभर लाइव्ह करणारा माणूस अख्ख्या जगाला सांगत असतो की घरी आता म्हातारी आई एकटी आहे.

• बोर्डिंग पासचा फोटो. मोपाच्या काचेपुढे पास धरून काढलेला सेल्फी छान दिसतो, पण त्यावरचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडता येतं. नुसता पीएनआर झाकून भागत नाही, बारकोडमध्येही माहिती असते.

• ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होता?’ छापाच्या प्रश्नमंजुषा. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण अशाच एका चाचणीतून उभं राहिलं. २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं की त्यात भारतातल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांची माहिती गेली असावी. त्यातले फक्त ३३५ जण ती चाचणी बसवणारे होते. बाकीचे त्यांचे मित्र.

• मुलांचा शाळेच्या बिल्ल्यासकटचा फोटो, वाढदिवसाच्या केकवरचं पूर्ण नाव आणि वय, घराचा क्रमांक. स्वतःचं काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. मुलाला अजून ‘नको’ म्हणता येत नाही.

• फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणं, विशेषतः अनोळखी माणसाला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर जागेची नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते.

व्हॉट्सअ‍ॅप

करा

• ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा आकडी पिन ठेवा. तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करायला मग नुसता ओटीपी पुरत नाही.

• ‘लिंक्ड डिव्हायसेस’ महिन्यातून एकदा उघडा. ओळखीचा नसलेला संगणक दिसला की तिथल्या तिथे लॉगआउट. प्रिंटसाठी दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं आणि तसंच सोडून आलो, हे फार वेळा होतं.

• ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, प्रोफाइल फोटो कुणाला दिसतो, दोन्ही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा.

• ओळखीच्याने पैसे मागितले तर साधा फोन करा. मेसेजला मेसेजने उत्तर देऊन खात्री होत नाही.

टाळा

• एपीके. यावर जरा थांबायला हवं. लग्नाची पत्रिका, पीएम किसानची यादी, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी अशा नावाने एक फाइल येते. पाठवणारा नंबर पुष्कळदा ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन आधी फसलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. दाबल्यावर फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवायला परवानगी द्यायची का? इथेच ओळखायचं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. फोटोला कसलं अ‍ॅप बसवायला लागतं? पुढे ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मिळाली की तुमच्या बँकेचे ओटीपी गुपचूप तिसरीकडे जाऊ लागतात. चुकून बसवलंच, तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद असल्याची खात्री करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. अ‍ॅप काढून टाकल्यावरही फोन फॅक्टरी रिसेट करून घ्या, असली अ‍ॅपं खूण न दाखवता मागे राहतात.

• ‘चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, जरा पाठवा ना.’ तो कोड तुमच्या खात्याची किल्ली आहे.

• फोनवर कुणी सांगितलं म्हणून स्टार-४०१-स्टार किंवा स्टार-२१-स्टार असलं काही दाबणं. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळतात, ओटीपीचे सुद्धा. असं वळवणं बंद करायला हॅश-हॅश-००२-हॅश.

• मदतीच्या नावाने स्क्रीन शेअर करायला लावणारी अ‍ॅपं. आणि पैसे येणार म्हणून यूपीआय पिन टाकणं. पिन लागतो तो पैसे जाताना.

कागद: दिलेले आणि ठेवलेले

इथे आपण सगळ्यांत ढिले आहोत, म्हणून या भागावर जास्त लिहितो.

मामलेदार कचेरीबाहेरचं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांपुढे आणा. काउंटरवर कागद चिकटवलेला: ‘फाइल या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप करा.’ तुम्ही आधार, रेशनकार्ड, पासबुकचं पहिलं पान पाठवता. दुकानदार ते संगणकावर उतरवतो, प्रिंट देतो, पाच रुपये घेतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये साऱ्या पंचक्रोशीची ओळखपत्रं पडलेली असतात, आणि तो संगणक शाळेतून आलेला त्याचा मुलगा गेम खेळायलाही वापरतो.

करा

• मास्क केलेलं आधार वापरा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या एका कार्यालयाने ‘आधारची प्रत कुणालाही देऊ नका’ असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत गैरसमज होतो म्हणून ते मागे घेतलं गेलं. पत्रक मागे गेलं तरी मास्क केलेलं आधार आहेच.

• झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. ‘फक्त खोली भाड्यासाठी’. अक्षर फोटोच्या आणि नंबराच्या अंगावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

• प्रिंट झाली की दुकानदाराला समोरच फाइल काढायला सांगा. रिसायकल बिनमधूनसुद्धा. राग येत नाही कुणाला. आपण आपल्या मोबाइलवरून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी त्याने उतरवून घेतलेली प्रत राहतेच.

• आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून होतं. मोपाच्या आसपास ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी तर नक्कीच. खरेदीखतावर अंगठे असतात. काही राज्यांत नोंदणी झालेल्या अशा दस्तांवरून ठसे उचलून आधारवर चालणाऱ्या यंत्राने पैसे काढल्याची प्रकरणं झाली आहेत.

• दूरसंचार खात्याच्या संचारसाथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. एका माणसाला जास्तीत जास्त नऊ घेता येतात. तुम्ही दोन वापरता आणि यादीत पाच दिसतात, तर कुठली तरी झेरॉक्स भलत्या कामाला लागली. तिथेच ‘हा नंबर माझा नाही’ असं नोंदवता येतं.

टाळा

• जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार आणि सहीचा कागद एकत्र एखाद्या प्रॉपर्टी ग्रुपवर टाकणं. उतारा तसाही सरकारी साइटवर बघायला मिळतो. खोटे दस्त करून जमिनी लाटल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला २०२२ मध्ये खास तपास पथक नेमावं लागलं. सहीचा नमुना आणि ओळखपत्र एका ठिकाणी मिळालं तर जमिनी लाटणाऱ्यांचं काम सोपं होतं.

• ‘मोपात भरती’, ‘क्रूझवर नोकरी’ अशा मेसेजला आधार, पॅन, पासबुक आणि ‘फॉर्म फी’ पाठवणं. मुलाखतीआधी बायोडेटा पुरतो. त्यातही जन्मतारीख, आईचं नाव, घरचा पूर्ण पत्ता लागत नाही. २०२४ च्या शेवटी गोव्यात सरकारी नोकरीच्या आमिषाने पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक उघडली. परदेशातल्या ‘डेटा एंट्री’च्या जाहिराती तर अधिक वाईट. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या साडेपाचशेच्या घरातल्या भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. अशा कामासाठी तिकडे नेलं गेल्याच्या तक्रारी गोव्यातल्या तरुणांनीही केल्या आहेत.

• गृह आधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे ‘थांबलेत, लिंकवर हयातीचा दाखला भरा’ असा मेसेज आला तर लिंक उघडणं. पंचायतीत जाऊन विचारा. लांबचा फेरा पडला तरी चालेल.

आता दुसरी बाजू. मोरजी, मांद्रे, हरमल, केरीत खोल्या देणारे आणि भाड्याच्या दुचाक्या ठेवणारे यांनी हे आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं. विदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील लागतात, हे खरं. पण तो पासपोर्टचा फोटो खासगी फोनच्या गॅलरीत, वाढदिवसाच्या आणि जत्रेच्या फोटोंमध्ये, वर्षानुवर्षं का राहतो? फोन दुरुस्तीला दिला की सगळ्या मोसमांचे पाहुणे दुकानात जातात.

• करा: कामासाठी वेगळा मेल किंवा वेगळा फोन. फॉर्म भरला, कायद्याने ठेवायची ती नोंद ठेवली, की फोनमधला फोटो काढून टाका. गॅलरीचा क्लाउड बॅकअपही तपासा.

• करा: आपल्या घराचे, खोलीचे फोटो अधूनमधून गुगल लेन्सवर टाकून बघा. गोव्यातल्या व्हिलांची खोटी बुकिंग घेणारे फोटो उचलतात ते खऱ्या घरांचेच. पैसे भरलेलं कुटुंब मग बॅगा घेऊन तुमच्या दारात उभं राहतं.

• टाळा: ‘हा माणूस गाडी मोडून गेला, सावध राहा’ म्हणत त्याचं लायसन रेंट-अ-बाइकच्या ग्रुपवर टाकणं. नुकसान खरं असेल, तरी तो मार्ग नव्हे. पोलिसांत जा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरायची आणि काम संपल्यावर पुसायची, हे त्यांचं सूत्र आहे.

‘पोलिस’, ‘सीबीआय’ आणि व्हिडिओ कॉल

• तुमचं नाव, आधारचा नंबर, घराचा पत्ता समोरच्याने घडाघडा म्हटला म्हणून तो अधिकारी ठरत नाही. तुमची माहिती कुठून तरी फुटली आहे, एवढंच त्यातून कळतं. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्वतः सांगितलं. फोन ठेवा. पलीकडचा ‘ठेवलास तर अटक’ म्हणाला तरी ठेवा.

• अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलू नका. उचललात आणि पलीकडून रेकॉर्ड केलेली क्लिप दाखवून पैशांची मागणी झाली, तर एक रुपयाही देऊ नका. पहिला हप्ता मिळाला की मागणी वाढतेच. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, नंबर ब्लॉक करा. लाजेपोटी गप्प बसणारी माणसं जास्त बुडतात, हे विशेषतः पुरुषांना सांगायला हवं.

• खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सोय वापरा. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा एक सांकेतिक ठसा तेवढा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो कुणी टाकू लागला तर अडवता येतो. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. दोन्ही फुकट.

फसलातच तर

• १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. वेळ महत्त्वाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जायच्या आत वाटेत गोठवायचे, यासाठीच ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. आधी नातेवाइकांना विचारून मग तक्रार, असं करू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा नंबर कागदावर लिहून मगच फोन लावा म्हणजे सांगताना अडखळायला होत नाही.

• त्याच दिवशी ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर लेखी तक्रार नोंदवा. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे, पण पहिल्या तासात तिथवर धावायची गरज नाही. खातं बांद्याच्या बँकेत, फोन पेडण्यात आणि चोर भलत्याच राज्यात असला तरी तक्रार कुठूनही होते.

• बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक स्वतःची असली तरी उशीर करू नका.

• फोनच हरवला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात म्हणा की जत्रेत, तर आधी सिम बंद करा, पोलिसांत नोंद करा आणि संचारसाथीवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय आधीच टिपलेला हवा: स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं की दिसतो. घरातल्या सगळ्या फोनांचे क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. आजीच्या फोनचासुद्धा, आणि तिचं व्हॉट्सअ‍ॅप, टू-स्टेप पिन, बायोमेट्रिक लॉक तिच्या शेजारी बसून तिलाच करायला लावा. पिन तिला आठवला पाहिजे, तुम्हाला नव्हे.